समतोल महाराजांचा काटा आणि टिल्लीचे सोळा गुण

फर्निचरचं ते दुकान बंद पडून बरेच दिवस झाले होते. पण दुकान चालू असताना जेवढी माणसं तिथे कधी फिरकली नव्हती, तेवढी त्या रविवारी सकाळी आत दाटीवाटीने उभी होती. भिंतीवर ‘सोफा घ्या, टीपॉय मोफत’ ही पाटी अजून तशीच होती आणि तिच्या बरोबर खाली, प्लास्टिकचं कव्हरही न काढलेल्या सोफ्यावर समतोल महाराज बसले होते. हललं की कव्हर करकरायचं, म्हणून ते फारसे हलत नसत. लोक म्हणायचे, काय ही स्थिरता.

महाराजांच्या पुढ्यात त्यांचा तो नावाजलेला काटा होता. पुरुषभर उंचीचा लोखंडी खांब आणि त्याच्या डोक्यावर मधोमध टेकलेली लांबलचक दांडी. दांडीला जांभळी मखमल गुंडाळलेली, मखमलीला वीतभर लांब झालर. दांडीच्या एका बाजूला साखळ्यांनी टांगलेली बैठक, दुसऱ्या बाजूला दगडांचं पारडं.

गणितात आपटलेल्या एका मुलाला त्याच्या आईने दंडाला धरून पुढे आणलं. सेवकांनी त्याला नजरेने जोखलं, पारड्यात अंदाजाने दगड टाकले आणि त्याला बैठकीवर बसवलं. बैठक धप्पकन खाली गेली, दगड वर गेले.

“पाहिलंत?” महाराज म्हणाले. “हा देहाचा भार नाही. हा अभ्यासाच्या अहंकाराचा भार. मी इतके तास वाचलं, मी इतकी गणितं सोडवली. मी, मी, मी. गुण येतील कुठून?”

मग दोन सेवकांनी मुलाभोवती पांढरी चादर धरली. तिसऱ्याने घंटा बडवायला घेतली. महाराजांनी डोळे मिटून बरंच काही पुटपुटलं. घंटा थांबली, चादर खाली आली, आणि बैठकीवरचा मुलगा पाय लोंबकळत हळूहळू वर गेला. दगडांचं पारडं जमिनीला टेकलं. दुकानभर एक सुस्कारा ऐकू आला.

“दगड तेच. पोर तेच. मग उतरला तो काय?”

“भार,” लोक एका सुरात म्हणाले. मुलाच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

“आता पुढचं ऐका,” महाराज म्हणाले. “मी अडाणी नाही, शास्त्राला धरून बोलतो. श्रद्धा आणि गुण हे समचलनात असतात. श्रद्धा दुप्पट करा, गुण दुप्पट. अभ्यास आणि गुण हे व्यस्त चलनात. अभ्यास निम्मा करा, गुण दुप्पट. हे मी नाही सांगत, गणित सांगतं.”

मागच्या रांगेत उभ्या असलेल्या पट्टीबाईंचा हात हे ऐकून पर्समधल्या फूटपट्टीकडे गेला. चलनाचं ते प्रकरण त्या शाळेत गेली कित्येक वर्षं शिकवत होत्या. पर्समध्ये फूटपट्टी ठेवायची त्यांना सवय होती, म्हणून मुलांनी त्यांचं हे नाव पाडलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आज मात्र त्या काही बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या शेजारी त्यांची ताई हात जोडून उभी होती, आणि महाराजांच्या यशस्वी भक्तांमध्ये ताईच्या मुलीचा नंबर बराच वर लागत होता.

ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे सगळे गणवेश तिच्याकडे शिवले जात. तिची मुलगी दहावीत, पट्टीबाईंच्याच वर्गात. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात तिला टिल्ली म्हणत. टिल्लीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीतल्या प्रत्येक लंगड्या कुत्र्याची तिच्याकडे ये-जा असे. पण शाळेचा नियम मोठा खाष्ट होता. बोर्डाची परीक्षा वेगळी, पण शाळेच्या स्वतःच्या वार्षिक परीक्षेत जो गणितात वर्गाच्या सरासरीखाली राहील, त्याला शाळेच्या अकरावीत विज्ञान शाखा मिळायची नाही. आणि टिल्लीचं घोडं अडायचं ते नेमकं गणितात. पहिल्या चाचणीत तिला बेचाळीस गुण मिळाले होते. त्यानंतर ताईने तिला महाराजांच्या काट्यावर बसवलं, महाराजांनी अभ्यास बंद करायला सांगितला, आणि दुसऱ्या चाचणीत मिळाले अठ्ठावन्न. सोळा गुणांची उडी. ताई ही गोष्ट कापड मापतानासुद्धा गिऱ्हाइकाला सांगत असे.

आता हे अठ्ठावन्न कुठून आले, हे पट्टीबाईंना पक्कं माहीत होतं, कारण ते त्यांच्याच हातचे होते. त्या शाळेची एक जुनी चाल होती. पहिल्या चाचणीचा पेपर कडक काढायचा, म्हणजे मुलं घाबरतात. दुसरीचा सैल काढायचा, म्हणजे पालक खूश होतात. आणि वार्षिकचा पुन्हा कडक, म्हणजे शाळेचं नाव राहतं. मुख्याध्यापक यालाच शिस्त म्हणत. सगळ्या शिक्षकांना हे ठाऊक होतं, आणि ते पालकांना सांगायची गरज आहे असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. समतोल महाराजांना मात्र ते चांगलंच कळलेलं दिसत होतं. पहिल्या चाचणीचा निकाल लागला की आठवड्याच्या आत ते काटा घेऊन हजर व्हायचे आणि वार्षिकच्या आधी त्यांना दुसरीकडचं बोलावणं यायचं.

पट्टीबाईंनी ताईला हे सांगितलं. शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून, चहा पीत, अगदी सौम्य शब्दांत सांगितलं, की बाई गं, तो पेपर मीच काढला होता आणि तो सोपा होता. ताईने यंत्र थांबवलं. तिला राग आला नाही, लागलं. माझ्या पोरीला कधी नव्हे ते यश मिळालं तर तेही तुला सोपं वाटतं, असं ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास दोघी बहिणी एकमेकींशी काजाबटणांपुरतंच बोलल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण ताईने पुढच्या रविवारी शंका थेट महाराजांच्या पायांशी नेऊन ठेवली. महाराज हसले. सोफा करकरला.

“पेपर सोपा निघाला. कबूल,” ते म्हणाले. “पण तो काढताना त्या बाईंचा हात कोणी धरला होता?”

दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. पट्टीबाईंना हे जेव्हा कळलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात त्या माणसाला दाद दिली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या सुबक पहिल्यांदाच ऐकत होत्या.

वार्षिक परीक्षा जवळ येत होती आणि टिल्लीची पुस्तकं ताईने कपाटात, कापडाच्या तागांमागे ठेवून दिली होती. टिल्ली संध्याकाळी मावशीकडे यायची, पण ‘अभ्यास करणार नाही’ असं आईला वचन देऊन. पोरगी वचनाची पक्की. पट्टीबाईंनी मग वही-पुस्तकाला हात न लावता खेळ मांडला. टेबलावर आडवी पेन्सिल, तिच्यावर मधोमध टेकवलेली फूटपट्टी. एका बाजूला दोन खोडरबर, दुसऱ्या बाजूला तसाच एक.

“एकाने दोघांना उचलायचंय,” त्या म्हणाल्या. “जमव.”

टिल्लीने एकट्या खोडरबराला टोकाकडे सरकवलं, जोडीला पेन्सिलीकडे ओढलं. पट्टी डुलली, डुलली आणि आडवी राहिली. एकटा खोडरबर मध्यापासून दुप्पट लांब होता. मग तिने तीन खोडरबर घेतले, मग त्यांच्याऐवजी शार्पनर, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, की वजन आणि अंतराचा गुणाकार दोन्हीकडे सारखा लागतो. अंतर वाढवलं की वजन कमी पुरतं. हेच व्यस्त चलन, आणि वर्गात तीन आठवडे डोकं आपटूनही तिला ते कधी कळलं नव्हतं.

मग ती पट्टीकडे बघत म्हणाली, “मावशी, म्हणजे मला हलकं करायला मला बारीक करायची गरजच नाही. नुसतं खांबाकडे सरकवलं की झालं.”

“सरकवलं होतं का तुला?”

टिल्लीने आठवून सांगितलं. चादर धरली की डोळे मिटायला लावतात आणि बैठकीवरून उठवतात. घंटा एवढी वाजते की कान बधिर होतात. मग पुन्हा बसवतात. मात्र घंटेच्या आवाजातसुद्धा तिला डोक्यावर काहीतरी खटकन बसल्याचं ऐकू आलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, कृपा अशीच बसत असेल.

पट्टीबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. टिल्लीही हसली, पण तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. तिने मावशीकडे खडूचा एक तुकडा मागितला. कशाला, ते सांगितलं नाही.

वार्षिकच्या आधीचा महाराजांचा शेवटचा दरबार होता. दुकान तुडुंब भरलं होतं. ताईने टिल्लीला पुन्हा एकदा भार उतरवायला रांगेत उभं केलं होतं आणि पट्टीबाई या वेळी पुढच्या रांगेत होत्या. टिल्ली बैठकीवर बसली, बैठक खाली टेकली. चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने ती वाकली आणि खाली फरशीवर, बैठकीच्या कडेला लागून, खडूने एक रेघ ओढून मोकळी झाली. चादर आली. घंटा वाजली. महाराज पुटपुटले. चादर गेली आणि टिल्ली पाय लोंबकळत वर गेली. लोकांनी सुस्कारा सोडला.

वर बसल्या बसल्या टिल्लीने त्याच कडेवरून खडू सोडला. खडू फरशीवर पडून तुटला तो रेघेपासून चांगला हातभर आत, खांबाच्या बाजूला.

“महाराज,” ती म्हणाली, “माझा भार उतरला, की मीच सरकले?”

आवाज बारीक होता, पण घंटा नुकतीच थांबली होती, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लोक माना लांब करून रेघ आणि खडू बघू लागले. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले.

“बाळ, कृपा झाली की माणूस सरकतोच,” ते म्हणाले. “असत्याकडून सत्याकडे.”

“सत्य म्हणजे तो खांब का?” पट्टीबाईंनी विचारलं.

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही, पण हसू पसरायला वेळ लागला नाही. पट्टीबाई पुढे झाल्या, पर्समधून फूटपट्टी काढली आणि तिच्या टोकाने मखमलीची झालर वर उचलली. खाली दोन आकडे होते. एक दांडीच्या टोकाला, रिकामा. दुसरा त्याच्या हातभर आत, आणि टिल्लीच्या बैठकीची साखळी त्यात अडकलेली. सेवक पुढे सरसावले, पण तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरचा लोहार रांगेतून बाहेर पडून काट्यापाशी येऊन उभा राहिला. त्याने टिल्लीला एका हाताने उतरवलं, बैठक बाहेरच्या आकड्याला लावली आणि तिला परत बसवलं. बैठक धप्पकन खाली गेली.

“अरेरे,” पट्टीबाई म्हणाल्या, “पोरीचं पाप परत आलं.”

मग मात्र दुकानात जत्रा झाली. पट्टीबाईंनी मखमल पूर्ण काढून टाकली आणि सांगितलं, की या काट्यावर मी हव्या त्या माणसाला हवं तेवढं पुण्यवान करून देते, या रांगेने. किराणावाला बसला. त्याला बाहेरच्या आकड्यावर लावून महापापी ठरवलं, आतल्या आकड्यावर घेऊन, पारड्यात आणखी चार दगड टाकून पार मोक्षाला पाठवलं. त्याची बायको म्हणाली, ह्यांना बाहेरच्याच आकड्यावर राहू द्या, तेच खरं आहे. न्हावी बसला, पोस्टमन बसला. दर वेळी पट्टीबाई आधीच विचारत, आता वर जाईल का खाली? आणि लोक वजन नि अंतर यांचा अंदाज बांधून ओरडून उत्तर देत. ज्यांनी शाळेत हे प्रकरण वैतागून सोडलं होतं त्यांची उत्तरं बरोबर येत होती.

पण महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते सोफ्यावरून शांतपणे उठले.

“काटा हे निमित्त,” ते म्हणाले. “साधी माणसं, त्यांना डोळ्यांना काही दिसावं लागतं. पण कृपा काट्यात नसते. ती गुणपत्रिकेत दिसते. बाई, तुमच्या या भाचीचे सोळा गुण कोणत्या आकड्याला अडकवले होते, तेही दाखवा.”

आणि लोकांचं हसू थांबलं. गुण तर खरोखरच वाढले होते. एकट्या टिल्लीचे नव्हे, काट्यावर बसलेल्या सगळ्याच मुलांचे. महाराज तेवढ्या शांततेतून वाट काढत बाहेर पडले आणि त्याच आठवड्यात त्यांना दुसरीकडचं बोलावणं आलं.

पट्टीबाईंना वाटलं होतं, काटा उघडा पडला की ताई पुस्तकं कपाटातून काढेल. तिने काढली नाहीत. संध्याकाळी दुकानात ती गणवेशांचे कापलेले तुकडे रचत होती आणि तिचे हात नेहमीपेक्षा जोरात चालत होते.

“तो लबाड आहे, दिसलं मला,” ती म्हणाली. “पण गुण वाढले ते वाढलेच. आणि तुला एक सांगू? त्याने अभ्यास बंद करायला सांगितल्यापासून माझी पोर एकदाही रडली नाही. तू वर्गात शिकवतेस, तिला घरी गणितं सोडवताना तू बघितलेलं नाहीस. मी बघितलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी नुसती शेजारी बसायचे.”

पट्टीबाईंचा सगळा मिस्कीलपणा त्या वाक्याने उतरला. गावाला हसवणं सोपं होतं. इथे समोर आपलीच बहीण होती आणि तिने महाराजांवर विश्वास ठेवला तो पोरीच्या मायेपोटी. मग त्यांनी टेबलावरचा सहावीच्या गणवेशांचा गठ्ठा जवळ ओढला.

“ताई, सहावीच्या मुलांचं माप तू कसं धरतेस?”

ताईने सांगितलं. मधली उंची धरायची, बहुतेक पोरं तिच्या इंच-दीड इंच इकडेतिकडे. नववी-दहावीत मात्र तसं चालत नाही, तिथे कुणी शिडी तर कुणी खुंटी.

“मग मधल्या उंचीपेक्षा तीन इंच बुटका मुलगा कुठे नजरेत भरेल?”

“सहावीत,” ताई लगेच म्हणाली. “दहावीत खपून जाईल.”

“बस, एवढंच आहे माझं गणित,” पट्टीबाई म्हणाल्या. कापडावर खुणा करायच्या खडूने त्यांनी टेबलावरच लिहायला घेतलं. मधली उंची म्हणजे वर्गाची सरासरी. पोरं तिच्या साधारण किती इकडेतिकडे पसरलीत, ते म्हणजे प्रमाण विचलन. आपलं पोर सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं आणि त्या पसरण्याने भागायचं. जो आकडा येतो त्याला झेड-स्कोअर म्हणतात. सरासरीच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे.

पहिल्या चाचणीत वर्गाची सरासरी होती पन्नास, पसरण सोळा. टिल्लीचे बेचाळीस. म्हणजे आठ खाली, भागिले सोळा. उणे अर्धा. शिड्या-खुंट्यांच्या वर्गात थोडीशी बुटकी, खपून जाणारी. दुसऱ्या चाचणीत पेपर सोपा, सगळ्यांनाच भरपूर गुण. सरासरी सत्तर, आणि पोरं सगळी जवळजवळ, पसरण फक्त आठ. टिल्लीचे अठ्ठावन्न. बारा खाली, भागिले आठ. उणे दीड.

ताईने खडूचे आकडे पाहिले. “उणे दीड हे उणे अर्ध्यापेक्षा…”

“खाली,” दारात उभी असलेली टिल्ली म्हणाली. ती केव्हा आली होती ते दोघींना कळलं नव्हतं. “म्हणजे मावशी, माझे सोळा गुण वाढले आणि मी मागे गेले.”

“सगळा वर्ग बाकांवर चढला गं,” पट्टीबाई म्हणाल्या. “तूही चढलीस. पण बाकावर चढल्याने कुणाची उंची वाढत नाही, आणि तू इतरांपेक्षा बुटक्या बाकावर होतीस.”

ताईचा शेवटचा आधार अजून शिल्लक होता. पेपर सोपा काढताना तुझा हात कोणी धरला होता, हे तिने विचारलं, पण विचारताना तिचा आवाज पडला होता. पट्टीबाई म्हणाल्या, बरं, धरला होता म्हणू. पण तो सोपा पेपर तर साऱ्या वर्गाला मिळाला. मग काट्यावर न बसलेल्यांना ही कृपा फुकट कशी मिळाली? त्यांनी आणखी दोन आकडे लिहिले. अर्धा वर्ग महाराजांनी उचललेला, अर्धा जमिनीवरचा. पहिल्या चाचणीत दोघांची सरासरी सारखीच, पन्नास. दुसऱ्या चाचणीत जमिनीवरच्यांची चौऱ्याहत्तर, उचललेल्यांची सहासष्ट. कारण जमिनीवरच्यांना अभ्यास बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं.

“आणि महाराजांचं व्यस्त चलन खरं मानलं,” टिल्ली म्हणाली, “तर अभ्यास शून्य केल्यावर मला अनंत गुण पडायला हवे होते. पेपर शंभराचाच होता.”

पट्टीबाईंना हसू आवरलं नाही. ताईला मात्र हसू आलं नाही. ती त्या उणे दीडकडे बघत होती. तिने मुलीला विचारलं, तुला हे कळत होतं का?

“वर्गात शिकवलेलं काही कळेनासं झालं होतं, ते कळत होतं,” टिल्ली म्हणाली. “आई, मी रडत नव्हते कारण मी काही करतच नव्हते.”

ताईने तोंडावर हात ठेवला. मग उठली, कपाट उघडलं, कापडाचे ताग जमिनीवर काढून ठेवले आणि मागची पुस्तकं एक एक करून बाहेर आणली. टेबलावरच्या आकड्यांवर तिने फडकं मारलं नाही. ते पुसले जाऊ नयेत म्हणून कापड बेतायला तिने दुसरं टेबल घेतलं.

त्यानंतर टिल्ली रडलीही. आठवड्यात दोनदा तरी रडायची, आणि ताई शेजारी बसून काजं करायची. पण आता रडून झालं की पट्टीवर खोडरबर मांडले जायचे, नाहीतर मावशीला बोलावणं जायचं.

वार्षिकचा पेपर रिवाजाप्रमाणे कडक निघाला. निकालाच्या दिवशी शेजारीण गुणपत्रिका बघायला आली. तिचा मुलगाही काट्यावर बसून आला होता आणि त्याने अभ्यास अखेरपर्यंत बंद ठेवला होता. टिल्लीचे गुण बघून तिने हळहळत मान हलवली.

“बावन्न? अगं, गेल्या खेपेला अठ्ठावन्न होते ना? सहा गुण खाली आली पोर. तरी मी म्हणत होते, महाराजांचा असा तमाशा करायला नको होता.”

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या.

“वहिनी, वर्गाची सरासरी किती होती ते विचारा आधी.”

वहिनींना ते विचारायचं सुचलं नव्हतं. सरासरी होती शेहेचाळीस, पसरण बारा. टिल्ली सहा गुण वर, म्हणजे अधिक अर्धा. विज्ञान शाखेच्या यादीत तिचं नाव होतं. ताईने हे सगळं शेजारणीला सहावीच्या गणवेशापासून समजावून सांगायला घेतलं, मध्ये दोनदा चुकली, स्वतःच दुरुस्त केलं. शेजारीण आधी उभ्याने ऐकत होती, मग स्टुलावर बसली. शेवटी तिने अगदी हळू आवाजात आपल्या मुलाचे गुण सांगितले आणि विचारलं, की त्याचा तो झेड काय येतो ते जरा काढून द्याल का. ताईने काढला. उणे दीड आला. मग ताईने तिला पट्टीबाईंची शिकवायची वेळ सांगितली.

तर मंडळी, समतोल महाराज काही एकटे नाहीत. कुणी गुण वाढवतं, कुणी दुखणं घालवतं, कुणी बुडालेला धंदा वर काढतं. ती मंडळी मखमल वापरोत न वापरोत, तुम्ही आधी झालर उचलून बघा, की वजन बदललंय की नुसतं अंतर. आणि तिथे काही सापडलं नाही तर आणखी एक विचारा. ज्यांचं बरं झालं त्यांना ते समोर आणून उभं करतात. पण त्याच काळात, महाराजांकडे न गेलेल्यांचं काय झालं? ती माणसं दरबारात नसतात, आपापल्या घरी असतात. त्यांच्या दारी जा आणि त्यांना विचारा.